साठ हजारांची गाडी पळवायची कुठे?

डिसेंबर २०२१ मधला तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावची एक बुटकी, जीपसारखी गाडी. किक मारली की चालू होणारी. दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हट्टापायी, भंगारातले भाग जमवून ती घडवली होती. खर्च सांगितला गेला सुमारे साठ हजार रुपये. आनंद महिंद्रांनी तो व्हिडिओ शेअर केला, कौतुक केलं आणि या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो मिळालीही. आपण सगळ्यांनी लाइक ठोकलं आणि पुढच्या रीलवर गेलो.

त्या पोस्टमधली एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटली. ही गाडी नियमात बसत नाही, त्यामुळे स्थानिक अधिकारी आज ना उद्या ती रस्त्यावरून थांबवतील, असंही महिंद्रांनी तेव्हाच लिहिलं होतं. म्हणजे गाडी चालते, पण चालवता येत नाही. बोलेरो मिळाली हे छानच झालं. पण अशी गाडी बनवू शकणाऱ्या प्रत्येकाला काही बोलेरो मिळणार नाही. मग बाकीच्यांनी काय करायचं?

हा प्रश्न देवराष्ट्रेमधून उचलून आपल्या मराठवाड्यात आणू. जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यातलं हसनाबाद घ्या. समजा, तिथले चार मित्र आहेत. एक आयटीआयला मोटर मेकॅनिक शिकतोय, एक जालन्यात डिप्लोमाला, एक छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आणि एक दहावीनंतर सरळ ट्रॅक्टरच्या गॅरेजवर. (असे चौघं तुमच्याही गावात असतील. त्यातला चौथाच सगळ्यात हुशार असतो, हा माझा अनुभव.) त्यांनी ठरवलं की कमी पैशांत एक एन्ड्युरन्स रेसची गाडी बनवायची. जमेल का?

वेगाची नाही, दमाची शर्यत

रेसिंग म्हटलं की आपल्याला फक्त वेग दिसतो. एन्ड्युरन्सचं गणित निराळं आहे. शेवटपर्यंत कोण टिकलं, याला इथे किंमत. ‘बाहा एसएईइंडिया’ ही इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा आपल्याकडे २००७ पासून होतेय. तिची सगळ्यात मोठी फेरी चार तासांची असते, खड्ड्याखुड्ड्यातून, चिखलातून. फॉर्म्युला स्टुडंट प्रकारात २२ किलोमीटर पळायचं, अर्ध्यात ड्रायव्हर बदलायचा आणि तापलेलं इंजिन पुन्हा चालू करून दाखवायचं. एकूण १००० गुणांमधला सगळ्यात मोठा वाटा या एकाच फेरीचा असतो. आणि कित्येक देखण्या गाड्या बसतात त्या इथेच. कारणं ऐकली तर हसू येईल. होसची क्लिप सैल झाली, वायर घासून तुटली, चेन उतरली.

अमेरिकेत तर स्वस्त गाड्यांसाठीच एक शर्यत आहे. ल मां या फ्रान्समधल्या प्रसिद्ध चोवीस तासांच्या शर्यतीच्या नावावर कोटी करून तिचं नाव ठेवलंय ‘ट्वेंटी फोर अवर्स ऑफ लेमन्स’. लेमन म्हणजे तिकडे सतत कुरकुरणारी, गळ्यात पडलेली गाडी. २००६ मध्ये सुरू झालेल्या या शर्यतीचा मूळ नियम असा की गाडीवर ५०० डॉलरपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. तुम्ही जास्त उडवलेत असं पंचांना वाटलं, तर दर दहा डॉलरमागे एक फेरी कापतात. लोक व्हॅनमध्ये स्पोर्ट्स कारचं इंजिन घालून येतात, सोंगं काढून येतात, सगळी जत्राच.

पण त्यातला एक नियम अजिबात गमतीचा नाही. रोल केज, सीट, बेल्ट, ब्रेक, टायर हा खर्च त्या ५०० डॉलरमध्ये धरत नाहीत. कारण तो धरला, तर पैसे वाचवायला माणूस आधी तिथेच कात्री लावणार. कमी बजेटच्या शर्यतीत बजेट कशाचं कमी ठेवायचं, हे या एका नियमाने ठरवून टाकलंय. आपल्याकडे असं काही करायचं झालं तर सगळ्यात आधी उचलावा असा हाच नियम आहे.

आणि भारतात हे कुणी केलंच नाही असं समजू नका. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी एका सीटची रेस कार तयार केली आणि तिला इंजिन लावलं चक्क मारुती ८०० चं. बाहेरून रेस कार मागवणं परवडत नव्हतं. मारुतीचे स्पेअर मात्र सगळीकडे मिळत होते. तीच ‘फॉर्म्युला मारुती’. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन सुरुवातीला याच गाड्यांमध्ये शिकला. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाचा, आणि ‘फॉर्म्युला भारत’ ही विद्यार्थ्यांची स्पर्धा तिथेच भरत आली आहे.

इंजिन बसतं, बाकीचं बसवावं लागतं

आता आपल्या चौघांकडे येऊ. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. रस्त्यावर उरलेल्या बहुतेक ८०० आता पंधरा वर्षांच्या पुढे गेल्यात. पंधरा वर्षांवरच्या खासगी कारची नोंदणी नव्याने करण्याचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५ हजार रुपये झालं. फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसी धरून मालकाला वाटतं, नकोच ती कटकट. अशी गाडी एखाद्या बऱ्या स्मार्टफोनच्या पैशांत मिळते. नाहीतर ती भंगारात जाते. आणि भंगार म्हटलं की जालना लांब नाही. जालन्याच्या एमआयडीसीतल्या भट्ट्या भंगार वितळवूनच सळई बनवतात. चालू स्थितीतलं इंजिन सळई होण्याआधी कुणी उचललं, तर निम्मं काम झालं.

इंजिन स्वॅप म्हणजे एका गाडीचं इंजिन दुसरीत घालणं. बोलायला सोपं. ओम्नीत आणि ८०० मध्ये इंजिन एकच, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. पण ८०० मध्ये ते आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं, तर ओम्नीत उभं, सीटखाली बसतं आणि मागची चाकं फिरवतं. इंजिन एक असूनही माउंटिंग वेगळं, गिअरबॉक्स वेगळा. म्हणून जाणकार आधी ‘घराणं’ बघतात. जिप्सीत बलेनोचं १.६ लिटरचं इंजिन घालण्याचा प्रकार रॅलीवाल्यांमध्ये इतका चालला, तो त्यामुळेच. जिप्सीचं १.३ आणि बलेनोचं १.६ ही एकाच घराण्यातली भावंडं.

कमी पैशांतला सगळ्यात शहाणा मार्ग म्हणजे ८०० चं इंजिन, गिअरबॉक्स आणि ॲक्सल हा सगळा संच पुढून आख्खा उचलायचा आणि पाइपच्या नव्या सांगाड्यात ड्रायव्हरच्या मागे बसवायचा. इंजिन आणि गिअरबॉक्स यांचं लग्न आधीच लागलेलं असतं, त्यामुळे लेथवरचं महाग काम वाचतं. फक्त ती चाकं आता मागे आली, तर त्यांचं स्टिअरिंग पक्कं जखडावं लागतं. गिअरच्या दांड्याची जोडणी लांबते, ॲक्सिलरेटरची केबल लांबते. रेडिएटर पुढे ठेवला तर पाण्याचे होस गाडीभर फिरतात आणि त्यात हवा अडकली की दहाव्या मिनिटाला इंजिन गरम. कार्ब्युरेटरवालं जुनं मॉडेल मिळालं तर वायरिंग सोपं. एमपीएफआय असेल तर ईसीयू, सेन्सर आणि सगळी वायरिंग त्याच गाडीची हवी. जुने रबरी होस बदलून घ्यावेत हे वेगळं सांगायला नको. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि त्या गाड्या बनल्या तेव्हा ते कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

शिवाय साधारण सदतीस अश्वशक्तीचं हे इंजिन सरळ रस्त्यासाठी बनलंय. सतत जोरात वळणं घेतली की ऑइल संपमध्ये एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग वाजायला लागतं. संपच्या आत पत्र्याच्या दोन आडव्या पट्ट्या मारल्या की हा त्रास बराच कमी होतो. खर्च जवळपास शून्य. हे पुस्तकात उशिरा सापडतं, पण ट्रॅक्टर खोलणाऱ्याला सांगावं लागत नाही.

मोठं इंजिन घालायचा मोह आवरा, असं मला या विषयात मुरलेल्या सगळ्यांनीच सांगितलं. ताकद वाढली की उष्णता वाढते, ब्रेक दमतात, ॲक्सल तुटतात. चार तासांच्या शर्यतीत मधल्या चालीने पण न थांबता फिरणारी गाडी दर वेळी पुढे दिसते.

एक ठिकाण मात्र जुगाडाचं नाही. बाहाच्या नियमांत रोल केजच्या मुख्य भागासाठी पाइप कसा हवा ते लिहिलंय. बाहेरचा व्यास २५ मिलिमीटर, जाडी ३ मिलिमीटर, पोलादात किमान ०.१८ टक्के कार्बन, किंवा तितकीच ताकद देणारा दुसरा पाइप. गेट आणि खिडक्यांच्या ग्रिल बनवणाऱ्या वेल्डिंगच्या दुकानात जो पातळ पाइप पडलेला असतो, तो हा नव्हे. दिसायला सारखाच दिसतो. गाडी उलटली की फरक कळतो, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. हेल्मेट, पाचपट्टी बेल्ट, आग विझवायचा सिलिंडर, आतून आणि बाहेरून दाबता येईल असा किल स्विच. गाडीच्या पैशांपेक्षा यावर जास्त पैसे गेले तरी जाऊ द्या.

तर जमेल का? हो, जमेल. गॅरेज आहे, हात आहेत, इंजिन आहे.

कायद्याच्या दोन बाजू

अडतं ते इथे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच पुन्हा बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सीएनजी किट बसवण्यासारख्या बदलांना मार्ग आहे, इंजिन बदलायलाही आरटीओच्या मंजुरीचा मार्ग आहे, पण तो त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन घालणाऱ्याच्या सोयीचा. ८०० चं इंजिन मागे नेऊन पाइपच्या सांगाड्यात घातलेल्या गाडीला पाटी मिळणार नाही. आणि मिळूही नये, असं माझं मत आहे. भोकरदनच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली, शाळेची रिक्षा आणि ही गाडी एकत्र नको.

म्हणून ती फक्त बंद जागेत पळायला हवी. आता कलम १८९ वाचा. सार्वजनिक जागेत गाड्यांची शर्यत लावणाऱ्याला किंवा त्यात भाग घेणाऱ्याला पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण हे सगळं लागू होतं ते ‘राज्य सरकारची लेखी संमती नसेल’ तर. म्हणजे परवानगी द्यायची सोय कायद्यातच लिहून ठेवली आहे. ती संमती तालुक्याच्या पातळीवर कुणी मागायची, कशाच्या आधारावर द्यायची, गाडी कुणी तपासायची, याची वाट मात्र कुणी घालून दिलेली नाही.

त्याचा परिणाम तुम्हाला दिसतोच. बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर पोलिस जप्त करतात आणि रोडरोलरखाली चिरडतात. राज्यातल्या कितीतरी शहरांत हे फोटो छापून आलेत. कारवाई बरोबरच आहे, रात्री अकराला तो आवाज कुणाला हवाय? पण सायलेन्सर खोलून आत काय आहे हे बघायची जी खाज त्या पोराला होती, ती रोडरोलरखाली जात नाही. ती कुठेतरी हायवेवर जाते, बहुतेकदा बिनहेल्मेटची.

मग स्पर्धा आहेत ना?

आहेत, आणि चांगल्या आहेत. मुंबईच्या के. जे. सोमय्याचा ‘ओरायन रेसिंग इंडिया’ संघ असो की आयआयटी मुंबईचा इलेक्ट्रिक रेस कारचा संघ, मराठी पोरापोरींनी यात नाव काढलंय. फॉर्म्युला स्टुडंटमध्ये अनेक संघ केटीएम ३९० मोटरसायकलचं इंजिन वापरत आलेत. त्याचं ३७३ सीसीचं रूप आपल्या चाकणला बनायचं. नियमाप्रमाणे त्याच्या हवेच्या वाटेत २० मिलिमीटरची मान बसवायची, म्हणजे कुणाचीच ताकद वाटेल तशी वाढत नाही. बाहात तर सगळ्यांना एकाच प्रकारचं दहा अश्वशक्तीचं इंजिन, आणि गिअरबॉक्स म्हणून कित्येक संघांनी मालवाहू तीनचाकी रिक्षाचा वापरलाय. जुगाडच, पण नियमात बसवलेला.

फक्त तिथे कॉलेजच्या नावाने उतरायचं असतं. नोंदणी, इंजिन, साहित्य, सगळ्या संघाचा प्रवास धरला तर हिशेब लाखांत जातो. मोठ्या कॉलेजला माजी विद्यार्थी आणि स्पॉन्सर मिळतात, जिल्ह्याच्या कॉलेजला पोरं आपापसात वर्गणी काढतात. आणि आपल्या चौघांपैकी आत जाऊ शकतो तो एक, इंजिनिअरिंगवाला. आयटीआयवाला आणि गॅरेजवाला दाराबाहेर. ज्यांच्या हाताने गाडी उभी राहणार होती, नेमके तेच.

हे फक्त हौसेपुरतं राहत नाही. टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, सुमारे २० हजार कोटी रुपयांचा. वाळूजला बजाज आणि शेंद्र्याला स्कोडा आधीपासून आहेत. या कारखान्यांमध्ये लाइनवर बोल्ट आवळणारा माणूस लागतो, तसा लाइन बंद पडली की ती का पडली हे शोधणारा पण लागतो. दुसऱ्या प्रकारचा माणूस वर्गात घडत नाही. तो गाडी तीनदा बंद पडून चौथ्यांदा चालू करताना घडतो. त्याला बंद पाडायला गाडी कोण देणार, हा आपल्या जिल्ह्यासाठी नोकरीचाच प्रश्न आहे.

शंकरपटाला जमलं ते

‘गावाकडे मोटारींची शर्यत? परवानगी कोण देणार?’ असं कुणी म्हणालं, तर त्याला शंकरपट आठवून द्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, नियम केले. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. आता आयोजक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करतो, धावपट्टी १००० मीटरपेक्षा लांब नसते, अटी मोडल्या तर कारवाई. त्या शर्यती चांगल्या की वाईट, यावर तुमचं माझं भांडण होऊ शकतं. पण जिथे गर्दी आहे, धोका आहे आणि लोकांची हौस थांबत नाही, तिथे अर्जाचा नमुना, जबाबदार अधिकारी आणि मोजमाप ठरवता येतं, हे आपल्याच राज्याने करून दाखवलंय.

मोटारींसाठी याहून कमी लागेल. डांबरी ट्रॅक नको, कापणी झालेलं मोकळं रान चालतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात इंजिनिअरिंगचे विद्यार्थी ‘तिफण’ स्पर्धेसाठी स्वतः बनवलेली कांदा काढणीची यंत्रं घेऊन आले, ते शेतातच. समोरासमोर शर्यत नको, एका वेळी एक गाडी आणि हातात घड्याळ. खर्चाला मर्यादा, सुरक्षेचा खर्च त्या मर्यादेबाहेर. गाडी तपासायला आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक, ते स्वतः मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाइल शिकलेले असतात. एक अँब्युलन्स, अग्निशमनची एक गाडी, आयोजकाच्या नावावर विमा. आणि संघात आयटीआय, डिप्लोमा, डिग्री, गॅरेज, कुणीही.

हे होईपर्यंत तुम्ही काय कराल? भंगारातून इंजिन घेणार असाल, तर कागद बघितल्याशिवाय घेऊ नका. इंजिन नंबर आरसीशी जुळवा. गाडी कायमची मोडली की मालकाने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते झालंय का विचारा, नाहीतर चोरीचा माल घरात आला म्हणून समजा. बंद जागेतसुद्धा एकट्याने चाचणी घेऊ नका. इंजिनिअरिंगला असाल तर वर्षाच्या सुरुवातीलाच कॉलेजच्या बाहाच्या किंवा फॉर्म्युलाच्या संघाचं दार वाजवा, संघ नसेल तर विभागप्रमुखांकडे अर्ज द्या. गाडी विद्यार्थ्यांनीच बनवायची, हा तिथला नियम आहे. वेल्डिंग शिकवायला गावाकडच्या मित्राला वर्कशॉपमध्ये बोलवायला मात्र कुणी मना केलेलं नाही.